आहारविवेक : उंटिणीचे दूध आणि कच्चेपणाचा आग्रह

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातील प्रवासी गाड्या बंद होत्या. त्या दिवसांत लुधियानाहून वांद्र्याकडे निघालेली एक पार्सलगाडी राजस्थानातील फालना स्थानकावर, नियोजित थांबा नसतानाही, थांबविण्यात आली. तेथून वीस लिटर उंटिणीचे दूध मुंबईला पोहोचले. मुंबईतील एका मातेचे साडेतीन वर्षांचे बालक स्वमग्न होते. त्याला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्हींच्या दुधाचे वावडे होते. तिने समाजमाध्यमावरून केलेली विनंती एका पोलीस अधिकाऱ्याने रेल्वेपर्यंत पोहोचविली आणि रेल्वेने ती मनावर घेतली. राणकपूरच्या यात्रेला जाताना फालना येथे उतरणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हे वृत्त त्या वेळी विशेष आपलेसे वाटले असेल.

ते वृत्त खरेच होते आणि हृद्यही होते. परंतु त्यानंतर उंटिणीच्या दुधाभोवती जी प्रभावळ निर्माण झाली, तिच्यात पुष्कळ भर पुढे पडत गेली. मधुमेह बरा होतो, स्वमग्नता जाते, कर्करोग मागे हटतो. मात्र दूध कच्चेच घ्यावे, तापविले की त्याचा ‘प्राण’ जातो, अशा आशयाचे संदेश कौटुंबिक गटांतून फिरतात. काही व्यापारी बंधूंना या दुधाची पावडर दुकानात ठेवावी किंवा तिची वितरकी घ्यावी, असे प्रस्तावही येऊ लागले आहेत. म्हणून या वेळी हा विषय स्वयंपाकघर आणि पेढी या दोन्ही बाजूंनी पाहू.

प्रथम हे दूध आपल्या परंपरेला अपरिचित नाही, हे सांगितले पाहिजे. मनुस्मृतीने उंटिणीचे दूध वर्ज्य पदार्थांत घातले. उलट चरकसंहितेने आठ प्रकारच्या दुधांत त्याची गणना केली आणि ते रूक्ष, उष्ण, हलके व किंचित खारट असल्याचे नोंदविले. आपल्या प्रत्याख्यानाच्या विवेचनात विगईचे प्रकार सांगताना दूध पाच प्रकारचे मानले आहे : गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि उंटीण. दही मात्र चारच प्रकारचे. पाचवे का नाही? कारण उंटिणीच्या दुधाचे दही लागत नाही. एवढ्या एका भेदात किती सूक्ष्म निरीक्षण आहे! आजचे दुग्धशास्त्र त्याचे कारण देते. दूध गोठण्यास कारणीभूत असलेले कॅप्पा-केसीन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात फार थोडे असते आणि केसीनचे कण आकाराने मोठे असतात, त्यामुळे घट्ट, कापता येईल असा कवडीदार थर बनत नाही. कझाकस्तानात हे दूध आंबवून शुबात नावाचे पेय करतात. तेही पातळच राहते.

आता पोषणाचे पाहू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने गायीच्या दुधात किमान ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असावेत असे ठरविले आहे. उंटिणीच्या दुधासाठी हेच आकडे २ टक्के आणि ६ टक्के आहेत. प्राधिकरणाने २०१६ मध्ये या दुधाचे मानक प्रथम आणले तेव्हा स्निग्धांशाची अट ३ टक्क्यांची होती. वाळवंटातील झुडपांवर चरणाऱ्या उंटिणींचे दूध त्या अटीत बसेना, तेव्हा ती शिथिल करण्यात आली. याचा अर्थ उघड आहे. हे दूध म्हशीच्याच काय, गायीच्या दुधापेक्षाही पातळ आहे. ज्यांना साय, खवा किंवा बासुंदी हवी आहे त्यांच्या हाती येथे फारसे काही लागणार नाही. ज्यांना हलके दूध हवे आहे त्यांना ते रुचेल.

त्याची खरी वैशिष्ट्ये दोन-तीनच आहेत. एक, गायीच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन त्यात नसते. दुधाचे वावडे असलेल्या कित्येक मुलांचा त्रास या प्रथिनाशी निगडित असतो. म्हणूनच गायीचे दूध न सोसणाऱ्या काही मुलांना उंटिणीचे दूध सोसते. मात्र ‘काही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या दुधातही केसीन असते आणि त्याचे वावडे असणारी मुलेही असतात. त्यामुळे पहिला घोट वैद्यकीय देखरेखीखाली द्यावा, घरी प्रयोग करून पाहू नये. आणि ज्यांना वावडे नसून दुग्धशर्करा पचत नाही, म्हणजे दूध प्यायल्यावर पोट फुगते व जुलाब होतात, त्यांच्यासाठी हे दूध उत्तर नव्हे. लॅक्टोज यातही गायीच्या दुधाइतकेच, फार तर किंचित कमी असते.

दुसरे वैशिष्ट्य ‘क’ जीवनसत्त्वाचे. गायीच्या दुधाच्या सुमारे तिप्पट ‘क’ जीवनसत्त्व यात असते, असे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले आढळते. विधान खोटे नाही. परंतु गायीच्या दुधात ते मुळातच नगण्य असते. एका मध्यम पेरूतून मिळणारे ‘क’ जीवनसत्त्व उंटिणीच्या लिटरभर दुधातील जीवनसत्त्वाहून अधिक असते. जेथे महिनोन्‌महिने हिरवी भाजी दृष्टीस पडत नाही अशा थरच्या मरुभूमीत या दुधाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे निरोगी राखली, हे या जीवनसत्त्वाचे खरे मोल आहे. पुण्या-मुंबईच्या घरात, जेथे लिंबू आणि आवळा हाताशी आहेत, त्यासाठी एवढा खर्च करण्याचे प्रयोजन नाही. लॅक्टोफेरीनसारखी काही संरक्षक प्रथिनेही या दुधात आढळतात. ती प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात. त्यावरून ‘हे दूध स्वतःच जंतुनाशक आहे, म्हणून ते कच्चे पिण्यास हरकत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्षच सर्वाधिक घातक आहे.

कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस हा रोग आपल्या शहरी डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. गायी, म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि उंट या सर्वांना तो होतो, आणि बाधित जनावराच्या दुधातून माणसात येतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घाम येतो, सांधे आणि कंबर धरते, थकवा हटत नाही. रुग्ण कधी मलेरियाची, कधी टायफॉइडची, कधी संधिवाताची औषधे घेत राहतो. निदान झाले तर दोन प्रतिजैविके सुमारे सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि उपचार मध्येच सोडला तर रोग उलटतो. गर्भवतीला गर्भपाताचा धोका असतो. क्षय आणि क्यू-फीव्हर यांचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. अरबस्तानात २०१२ मध्ये मर्स हा श्वसनरोग उघडकीस आला. त्याचा विषाणू एकमदारी उंटांत आढळला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने उंटिणीचे कच्चे दूध पिऊ नये असा सल्ला दिला. दुबई, दोहा, रियाध येथे व्यापारानिमित्त असलेल्या आपल्या आप्तेष्टांनी तो विशेष लक्षात ठेवावा. वाळवंटाच्या सहलीत ताजे काढलेले दूध आदराने पुढे केले जाते.

या सर्व जंतूंवर उपाय एकच आणि तो घरोघरी उपलब्ध आहे. दूध ६३ अंश सेल्सियसवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले की ते पाश्चरीकृत होते. घरी एक उकळी आणली की काम होते. यात गमावतो काय? ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश आणि उष्णतेने मोडणारी काही प्रथिने. कॅल्शियम, स्निग्धांश, केसीन, दुग्धशर्करा जशीच्या तशी राहते. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसणे हा गुण तर तापविल्याने जाण्याचा प्रश्नच नाही. जे मुळात नाही ते उकळून कसे येणार?

आपल्या श्रावकाचारात दूध काढल्यानंतर दोन घटिकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत गाळून तापवावे असा नियम आहे. त्या नियमामागील दृष्टी जीवरक्षेची आहे. तिला आरोग्यशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि मी ते जोडूही इच्छित नाही. मला एवढेच नवल वाटते की, ज्या घरात गायीचे दूध कधी कच्चे घेतले गेले नाही, त्याच घरात उंटिणीचे दूध मात्र ‘औषध’ म्हणून कच्चे देण्यास कोणी कचरत नाही.

औषधाची ही गोष्ट कोठून आली? तिला आधार नाही असे नाही. बिकानेर येथे केंद्र सरकारचे राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे, आणि तेथील सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी या दुधावर अनेक वर्षे काम केले. २००७ मध्ये त्यांनी असे प्रसिद्ध केले की, वायव्य राजस्थानातील उंटिणीचे दूध पिणाऱ्या राईका समाजात त्यांना मधुमेहाचा एकही रुग्ण आढळला नाही. हे वाक्य पुढे जगभर उद्धृत झाले. पण त्याच अभ्यासात दूध न पिणाऱ्या राईकांतही मधुमेह अगदी तुरळकच होता, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. दिवसभर कळपामागे मैलोन्‌मैल चालणारा, बाजरीची भाकर खाणारा राईका आणि गादीवर बसून हिशेब पाहणारा आपण, यांच्यात केवळ दुधाचाच फरक आहे काय?

याच डॉक्टरांनी २०११ मध्ये दोन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे २४ रुग्ण होते. पैकी १२ जणांना इन्सुलिनबरोबर रोज अर्धा लिटर उंटिणीचे दूध दिले गेले. त्यांची साखर सुधारली, इन्सुलिनची मात्रा घटली आणि तिघांची तर शून्यावर आली. आश्वासक आहे, यात शंका नाही. परंतु बारा माणसे म्हणजे आपल्या एखाद्या लग्नातील एका पंगतीचा कोपराही नव्हे. एवढ्या लहान गटावरून सर्वांसाठी नियम ठरविता येत नाही. शिवाय त्या रुग्णांचे इन्सुलिन डॉक्टरांनी रक्त तपासत, पायरीपायरीने कमी केले होते. घरच्या घरी दूध सुरू करून इन्सुलिन बंद करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मुलाचे इन्सुलिन थांबले तर थोड्याच काळात रक्तात आम्ल साचते, मूल बेशुद्ध पडते आणि प्राणावर बेतते. हे दूध आहारात घ्यायचे तर घ्यावे, साखर मोजत राहावे, आणि मात्रेचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

स्वमग्नतेविषयी बहुतेक आशा रियाध येथील किंग सौद विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावर उभ्या आहेत. २०१३ च्या त्या अभ्यासात ६० मुले होती, कालावधी दोन आठवड्यांचा होता. काही मुलांना कच्चे, काहींना उकळलेले उंटिणीचे दूध आणि काहींना गायीचे दूध दिले. वर्तनाच्या मोजमापात उंटिणीचे दूध घेणाऱ्यांत काही सुधारणा दिसली. दोन आठवड्यांत दिसलेली सुधारणा पुढे टिकते का, हे त्यावरून कळत नाही. पण उकळलेले दूध त्या अभ्यासातही दिले गेले होते, हे ‘कच्चेच हवे’ म्हणणाऱ्यांनी पाहावे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्या मनाची तगमग मी जाणते. त्या तगमगीवर व्यापार करणाऱ्यांविषयी मात्र मला सहानुभूती नाही. मूल आनंदाने पीत असेल तर तापवून द्यावे. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांचे पैसे दुधाकडे वळवू नयेत. एक वर्षाच्या आतील बाळाला मातेच्या दुधाऐवजी हे किंवा कोणत्याही जनावराचे दूध देऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

आता पेढीकडे वळू. ज्यांना या मालात हात घालायचा आहे त्यांनी कायद्याच्या दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. उंटिणीचे दूध विकणे भारतात पूर्णपणे वैध आहे. त्याचे मानक आहे आणि अमूलने जानेवारी २०१९ पासून अहमदाबाद, गांधीनगर व कच्छमध्ये ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत, ५० रुपयांना, विक्रीस आणले. कच्छमधील मालधारींकडून ते तेथील जिल्हा सहकारी संघ, म्हणजे सरहद डेअरी, गोळा करतो. तेव्हा प्रश्न दुधाचा नाही, पाकिटावरच्या मजकुराचा आहे. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा अन्नाच्या जाहिरातीत करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीतच आहे. त्यावर उपाय म्हणून जाहिरात करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. पत्रक उत्पादकाने छापले आणि आपण केवळ ग्राहकाच्या हाती दिले, या सबबीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. अमेरिकेतही २०१६ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने उंटिणीचे दूध विकणाऱ्या एका कंपनीला अशाच दाव्यांबद्दल इशारापत्र दिले होते. आणि माणसांनी पिण्यासाठी कच्चे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यास तेथे १९८७ पासून बंदी आहे.

पावडरीविषयी व्यापाऱ्याला शोभेल असा एक हिशेब सांगते. या दुधात एकूण घन पदार्थ साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे एक किलो शुद्ध पावडरीस सुमारे दहा लिटर दूध लागणार. दुधाची खरेदी, शीतसाखळी, वाळविण्याचा खर्च, पॅकिंग आणि मधले हात यांची बेरीज करून पाहावी. कोणी सामान्य दूध-पावडरीच्या जवळपासच्या दराने ‘शुद्ध उंटिणीची’ पावडर देऊ करीत असेल तर तिच्यात काय आहे हे विचारण्याआधीच उत्तर मिळते. पाहून, चाखून भेसळ कळत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक आहे की नाही ते पाहावे.

‘फ्रीज-ड्राइड, म्हणून कच्च्याचे सर्व गुण शाबूत’ असे लिहिलेली पावडरही मिळते. हे वाक्य ग्राहकाने उलटे वाचावे. थंडीत गोठवून, निर्वातात वाळविणे ही पद्धत प्रयोगशाळांत जिवाणू वर्षानुवर्षे जिवंत टिकविण्यासाठी वापरतात. दूध आधी पाश्चरीकृत केलेले नसेल, तर गुणांबरोबर जंतूही शाबूत राहिलेले असू शकतात. गोठविलेल्या दुधालाही हेच लागू आहे. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारावा : वाळविण्यापूर्वी किंवा गोठविण्यापूर्वी दूध किती अंशांवर, किती वेळ तापविले?

यानंतर जो प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच, तो पिल्लाचा. उंटिणीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असतो आणि साधारणपणे दोन वर्षांनी एक पिल्लू होते. पिल्लू जवळ असल्याशिवाय ती सहसा पान्हा सोडत नाही, आणि सोडला तरी तो दीड-दोन मिनिटांचाच असतो. त्यामुळे पिल्लाला दूर करून यंत्राने दूध ओढण्याची पद्धत येथे सहज चालत नाही. परंपरेने चार सडांपैकी दोन पिल्लासाठी सोडतात. राईकांत तर दूध विकणेच पूर्वी निषिद्ध मानले जाई. ते पाहुण्याला द्यायचे, पैशाला नाही. मागणी वाढली की दोन सडांचा हा नियम किती टिकेल, हे विकत घेणाऱ्याने विचारण्यासारखे आहे.

राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले आणि २०१५ च्या कायद्याने त्याच्या हत्येस बंदी करून राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. आपल्या समाजाने या कायद्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. पण पशुगणनेचे आकडेही पाहिले पाहिजेत. २०१२ मध्ये राजस्थानात ३ लाख २६ हजार उंट होते. २०१९ मध्ये २ लाख १३ हजार उरले. संपूर्ण देशात तर जेमतेम अडीच लाख. ही घसरण कायद्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होती : ट्रॅक्टर आणि मालमोटारी आल्या, गोचर जमिनी आक्रसल्या, जंगलात चराईला मनाई झाली. परंतु राईकांचे म्हणणे असे की, नर उंटांचा बाजारच बसल्यामुळे कळप पोसणे आणखी कठीण झाले. पुष्करच्या जत्रेत जो उंट पूर्वी कुटुंबाचा वर्षभराचा खर्च भागवी, त्याला आता गिऱ्हाईक मिळत नाही. मादीच्या दुधाला दर मिळाला तर ती जगते. तिच्याच पोटचा नर काय खाणार, हा प्रश्न दुधाच्या बाटलीवर छापलेला नसतो. राणकपूरच्या वाटेवर सादडी लागते. तेथे राईकांच्या उंटिणींचे दूध गोळा करणारी एक छोटी डेअरी आहे. पांजरापोळांच्या विश्वस्तांपैकी कोणी त्या बाजूस गेले तर कळपातील नरांना वर्षाला किती चारा लागतो, हे तेथील पशुपालकांनाच विचारून घ्यावे. गायींसाठी आपण जे आकडे तोंडपाठ म्हणतो, तसे उंटांचे अजून आपल्या कोणाच्याच वहीत नाहीत.